न झालेल्या कॅन्सरचे पेढे

मागच्या रविवारी आमच्याकडे घरगुती जेवण होतं. निमित्त आनंदाचं होतं, पण पंक्तीतली चर्चा ऐकून एखाद्याला दुखवट्याची बैठक वाटली असती. झालं असं, की माझ्या पुतण्याच्या मुलीला एमडीला प्रवेश मिळाला. तिने ‘कम्युनिटी मेडिसिन’ हा विषय घेतला. (जुने डॉक्टर याला पीएसएम म्हणतात.) स्वतःहून घेतला. तिच्या गुणांवर दुसरं काहीतरी, म्हणजे आपल्या लोकांच्या भाषेत ‘चांगलं काहीतरी’, मिळत होतं; ते सोडून घेतला.

एका काकूंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि “पुढच्या वर्षी परत बस हो परीक्षेला, यश येईल,” असं सांगितलं. कुणी विचारलं, यात दवाखाना टाकता येतो का? आणि आमचे भावजी श्रीखंडाची वाटी पुढे करत म्हणाले, “म्हणजे आता तू लोकांना हात धुवायला शिकवणार!” सगळे हसले. पोरगीही हसली, पण तिचे कान लाल झाले होते.

मी वाढत होते. चौतीस वर्षं वर्गात बोलण्यात गेली, पण घरच्या पंक्तीत मला वेळेवर काही सुचत नाही. सुचतं ते रात्री अंथरुणावर. म्हणून हा लेख. भावजी, तुम्ही हे वाचणार हे मला माहीत आहे, चिरंजीव तुम्हाला काढून देतातच. तेव्हा रागावू नका, पण शेवटपर्यंत वाचा.

हात धुवायला शिकवणाऱ्या एका डॉक्टरची गोष्ट सांगते. नाव डॉ. रेंगस्वामी शंकरनारायणन. तुम्ही ऐकलेलं नाही, मीही ऐकलेलं नव्हतं. नातीने त्यांचे चार-पाच शोधनिबंध छापून दिले. माझं शिक्षण मराठी माध्यमातलं, बी.ए.चं, शब्दकोश मांडीवर ठेवून वाचले. आकडेमोडीचा भाग तिने समजावून सांगितला. त्यामुळे चुका असल्या तर माझ्या, शहाणपण असलं तर तिचं.

हे गृहस्थ केरळचे. त्रिवेंद्रमच्या रीजनल कॅन्सर सेंटरमध्ये कर्करोगतज्ज्ञ होते. तिथेच राहिले असते तर रोज रांग लावून आलेले रोगी तपासले असते, त्यातले काही बरे झाले असते, त्यांनी पाया पडून पेढे दिले असते. पण १९९३ साली ते फ्रान्समधल्या लियों शहरात, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेत गेले, आणि पुढची वीसेक वर्षं त्यांनी एकाच प्रश्नामागे घालवली. जिथे तज्ज्ञ नाही, मोठं यंत्र नाही, वीज असेल-नसेल, तिथल्या माणसाचा कॅन्सर आधीच कसा हेरायचा? म्हणजे पत्ता परदेशातला, पण काम इथल्या खेड्यांत. (आपल्याकडे बहुधा याच्या उलट असतं. असो.)

केरळात त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली एक अभ्यास सुरू केला. तेरा पंचायती, आणि हातात विजेरी घेतलेले साधे पदवीधर. डॉक्टर नव्हेत, नर्सही नव्हेत. त्यांना तोंडातले डाग ओळखायला शिकवलं आणि घरोघर पाठवलं. “आ करा” म्हणायचं, बघायचं, संशय आला तर पुढे पाठवायचं. एवढंच. २००५ साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले. तंबाखू खाणाऱ्या किंवा दारू पिणाऱ्या लोकांत तोंडाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी झाले होते. विजेरीने! आमच्या भागात सकाळी उठून मशेरी लावणाऱ्या किती बायका मी पाहिल्या, त्यांच्या तोंडात जन्मात कुणी विजेरी मारलेली नाही.

पण मला सांगायचंय ते आपल्या दारातलं. बार्शीचं.

बार्शीला नर्गिस दत्त यांच्या नावाचं कॅन्सर रुग्णालय आहे. तिथे १९८७ साली डॉ. भगवान नेने, डॉ. कस्तुरी जयंत आणि मंडळींनी खेड्यांमधल्या कॅन्सरची नोंदवही सुरू केली. बार्शी, परांडा आणि भूम हे तीन तालुके, ३४६ गावं. ग्रामीण भागातली ही देशातली पहिली. नोंदवही म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर कारकून येईल. पण ही नोंद टेबलाशी बसून होत नाही. माणूस गावोगाव जातो, कोण आजारी, कुणाला गाठ आहे, कुणाच्या अंगावरून जातंय, हे विचारतो, आणि “दवाखान्यात चला” म्हणतो. या नुसत्या जाण्या-येण्याने आणि बोलण्याने तिथल्या बायका आधीपेक्षा लवकरच्या टप्प्यात दवाखान्यात येऊ लागल्या. औषध नवं नव्हतं. कुणीतरी विचारायला येत होतं, हेच नवं होतं.

याच पायावर पुढे शेजारच्या उस्मानाबाद जिल्ह्यात (२०२३ पासून धाराशिव) शंकरनारायणन, नेने, जयंत आणि टाटा रुग्णालयाचे डॉ. सुरेंद्र शास्त्री यांनी तो मोठा अभ्यास केला. विषय गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर. आपल्या बायका ‘पिशवीचा कॅन्सर’ म्हणतात तो. हा कॅन्सर एका विषाणूमुळे होतो, एचपीव्ही त्याचं नाव. विषाणू शिरल्यापासून कॅन्सर होईपर्यंत साधारण दहा ते वीस वर्षं जातात. वीस वर्षं, भावजी! एवढ्या अवधीत पोर बारशापासून लग्नापर्यंत पोचतं. या काळात कधीही कुणी नीट पाहिलं तर बिघडलेला भाग दिसतो, आणि छोट्याशा उपचाराने काढून टाकता येतो. म्हणजे या रोगाने बाई मरते तेव्हा ती रोगाने कमी आणि कुणी न पाहिल्यामुळे जास्त मरते.

अभ्यासात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका होत्या. गावांचे ५२ गट केले आणि त्यांची चार भागांत वाटणी केली. एका भागात एचपीव्हीची चाचणी, दुसऱ्यात पॅप स्मिअर, तिसऱ्यात गर्भाशयाच्या मुखाला सौम्य ॲसिटिक ॲसिड (व्हिनेगरमध्ये असतं तेच) लावून मिनिटभराने पांढरा डाग उमटतो का ते पाहायचं. चौथ्या भागात काही नाही, नेहमीची जी काय व्यवस्था होती ती. प्रत्येकीची तपासणी आयुष्यात एकदाच. आणि मग आठ वर्षं वाट पाहायची.

२००९ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष छापून आले. एचपीव्हीची चाचणी झालेल्या चौतीस हजार बायकांपैकी या कॅन्सरने ३४ गेल्या. काहीच न केलेल्या साडेएकतीस हजारांपैकी ६४ गेल्या. एका चाचणीने मृत्यू जवळजवळ निम्मे. ज्यांची एचपीव्ही चाचणी निर्दोष आली त्यांच्यात पुढे कॅन्सर होण्याचं प्रमाण वर्षाला लाखात ३.७ एवढंच निघालं. बाकीच्या दोन पद्धतींनी निर्दोष ठरलेल्यांत ते सोळाच्या आसपास होतं. त्या दोन पद्धतींनी इथे मृत्यूंमध्ये म्हणावा असा फरक पडला नाही. गंमत अशी, की तीच ॲसिडची पद्धत तमिळनाडूत दिंडिगुलला नर्सेसनी वापरली तेव्हा मृत्यू ३५ टक्क्यांनी घटले, आणि मुंबईच्या झोपडपट्ट्यांत डॉ. शास्त्रींनी दहावीपर्यंत शिकलेल्या बायकांना शिकवून वापरली तेव्हा ३१ टक्क्यांनी. म्हणजे डोळ्याने पाहायचं तर पाहणाऱ्याचा डोळा तयार हवा, आणि पुन्हा पुन्हा पाहायला हवं. शिक्षिकेला हे नवीन नाही.

निबंधाच्या लेखकांच्या यादीत निम्म्याहून अधिक आडनावं आपल्या गल्लीतली वाटावीत अशी आहेत. यातल्या एकाचाही सत्कार आपल्या मंडळाने केलेला मला आठवत नाही. मागच्या वर्षी बायपास करणाऱ्या डॉक्टरांचा केला, शाल-श्रीफळ देऊन. ते योग्यच होतं. भावजी, तुमचीच बायपास होती. पण ज्या बाईला कॅन्सर झालाच नाही, तिला कुठे ठाऊक असतं की आपल्याला तो होणार होता? ती कुणाचा सत्कार करणार? न झालेल्या कॅन्सरचे पेढे कोण वाटणार?

आता एक गोष्ट मला खुपते, ती लपवून पुढे जाणं बरं नाही. त्या चौथ्या भागातल्या बायका. अमेरिकेतले एक डॉक्टर आहेत, एरिक सुबा. त्यांनी २०१४ साली मुंबईहून निघणाऱ्या वैद्यकीय नीतिशास्त्राच्या नियतकालिकात उघड आक्षेप घेतला, की पॅप स्मिअर उपयोगी पडतं हे जगाला कित्येक दशकं माहीत असताना उस्मानाबाद, दिंडिगुल आणि मुंबई या तिन्ही ठिकाणी लाखावर बायकांना न तपासता नुसतं मोजत का बसलात? मी हे वाचलं आणि दोन दिवस शंकरनारायणनांबद्दल काही लिहावंसंच वाटेना. नातीशी भांडले. ती म्हणाली, “आजी, त्या भागात आधीही कुणाची तपासणी होत नव्हती. तुलना केल्याशिवाय सरकारं पैसे सोडत नाहीत.” तिचं म्हणणं खरं आहे. पण सुबांचंही सगळं खोटं नाही. परंड्याच्या किंवा कळंबच्या बाईला जर कुणी धड समजावून सांगितलं असतं, की बाई, शेजारच्या गावात तपासतायत आणि तुझ्या गावात नाही, तर ती काय म्हणाली असती?

माझं मत सांगते, पटलं तर घ्या. त्या ६४ जणींचं ऋण आहे. त्यांनी मागितलं नसताना त्यांच्याकडून घेतलेलं. संशोधकांनी त्यातला आपला वाटा निदान एवढा फेडला, की जे कळलं ते जगापुढे मांडलं. २०२१ साली जागतिक आरोग्य संघटनेने सगळ्या देशांना सांगितलं, की तपासणीसाठी पहिली पसंती एचपीव्ही चाचणीला द्या. त्यामागे जे पुरावे आहेत त्यांत आपल्या या जिल्ह्याचा पुरावा फार वजनाचा. आता बाकी कोण राहिलं? ज्यांच्या आया-बहिणींच्या देहावर हे सिद्ध झालं, त्यांना ती चाचणी मिळाली का?

२०१९ ते २१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत विचारलं होतं, की ३० ते ४९ वयातल्या किती बायकांची ही तपासणी आयुष्यात एकदा तरी झाली आहे? उत्तर १.९ टक्के. शंभरात दोनही नाहीत. आमच्या शाळेत कुठल्या वर्गाचा असा निकाल लागला असता तर मुख्याध्यापकांनी सगळ्या शिक्षकांना उभं केलं असतं. २०१६ साली केंद्र सरकारने कार्यपद्धती ठरवून दिली होती: तीस वर्षांवरच्या सगळ्यांची दर पाच वर्षांनी तपासणी, बायकांसाठी ती ॲसिडची स्वस्त पद्धत. कागद उत्तम आहे, मी वाचला. २०२२ सालच्या अंदाजाप्रमाणे देशात एका वर्षात या कॅन्सरच्या सुमारे १ लाख २७ हजार नव्या रुग्ण आणि जवळजवळ ८० हजार मृत्यू. सोलापूरला पार्क मैदान भरेल आणि वर उरतील एवढ्या बायका, दर वर्षी.

आणि जिथे प्रतिबंध करणारा डॉक्टर पोचत नाही तिथे कोण पोचतो, तेही ऐका. धाराशिवला लागून बीड. २०१९ साली शासनाच्या समितीने पाहणी केली तेव्हा ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. कित्येकींनी सांगितलं, की अंगावरून पांढरं जातं म्हणून गेलो, तर डॉक्टर म्हणाले पिशवी काढा, नाहीतर कॅन्सर होईल. कॅन्सरची भीती तीच, शब्दही तोच. एका जिल्ह्यात त्या भीतीवर कुणी वीस वर्षं संशोधन करतं, आणि शेजारच्या जिल्ह्यात त्याच भीतीवर बिलं फाडली जातात. फरक एवढाच, की दुसऱ्या प्रकारचा डॉक्टर ‘दवाखाना टाकलेला’ असतो. काकू, तुमच्या प्रश्नाचं उत्तर यात आलं असावं.

लसीची हकिकत थोडक्यात सांगते. २००९ साली शंकरनारायणनांच्या गटाने एचपीव्हीच्या लसीचा अभ्यास सुरू केला, बार्शी आणि पुणे त्यात होते. प्रश्न असा, की तीन डोस लागतात की दोन पुरतात? वीस हजार मुली घ्यायच्या होत्या. तेवढ्यात आंध्र आणि गुजरातेतल्या दुसऱ्याच एका लसीकरण प्रकल्पावरून वादळ उठलं. (मुलींच्या संमतीबद्दलचे त्यातले आक्षेप खरे होते, ते मी नाकारत नाही.) २०१० साली सरकारने सगळीकडचंच काम थांबवलं. जवळजवळ पाच हजार मुलींना एकच डोस मिळालेला होता. दुसरा कुणी असता तर “अभ्यास बिघडला” म्हणून गाशा गुंडाळून गेला असता. यांनी त्या मुलींची पाठ सोडली नाही, दहा वर्षं संपर्क ठेवला. पुढे दिसलं, की एका डोसनेही मुख्य विषाणूंपासून जवळजवळ तेवढंच संरक्षण मिळतं. हा निष्कर्ष २०२१ सालचा, आणि २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एक डोसही चालेल असं सांगितलं. तीनाचा खर्च एकावर आला म्हणजे गरीब देशांतल्या किती मुलींना लस परवडली, हिशोब करा. बिघडलेल्या वहीतलं गणित पुन्हा सोडवत बसणारा असा माणूस मला आवडतो.

आता इतकं बोलले तर माझंही सांगते.

आमच्या शाळेत एक सेविका होत्या, आम्ही सगळे त्यांना मावशी म्हणायचो. पन्नाशी उलटलेली, पाळी जाऊन चार वर्षं झालेली, आणि पुन्हा अंगावर जायला लागलं. शाळेमागच्या नळावर त्या कापडं धुताना मी पाहिलं होतं. त्यांनी स्वतःच एकदा चहा देताना म्हटलं, “बाई, माझं पुन्हा सुरू झालंय बघा.” आम्ही शिक्षिका काय म्हणालो असू? “मावशी, अजून तरुण आहात की!” सहा जणी होतो, सगळ्या शिकलेल्या, हसलो. वर्षभराने त्या दवाखान्यात गेल्या तेव्हा तिसरा टप्पा. अकरा महिन्यांनी गेल्या. आम्ही वर्गणी काढली, चांगली जमली, त्यांच्या मुलाच्या हातात पाकीट दिलं, आणि आपण माणुसकीला जागलो असं आम्हाला वाटलं. मी तर त्यावर स्टाफरूममध्ये दोन शब्दही बोलले होते.

हे बोललेले दोन शब्द मला आता पाठ आहेत, आणि “मावशी, उद्या दवाखान्यात जाऊ, मी येते बरोबर” हे न बोललेले सहा-सात शब्दही.

आणखी एक. तो उस्मानाबादचा अभ्यास सुरू झाला तेव्हा मी पन्नाशीला टेकले होते, म्हणजे बरोबर त्या वयोगटात. बार्शी आमच्यापासून एसटीने दीड-दोन तास. तिकडे शाळेचं तोंड न पाहिलेल्या हजारो बायका आरोग्य केंद्रात जाऊन तपासून घेत होत्या, आणि इकडे बी.ए. झालेली मी एकदाही गेले नाही. लाज वाटायची. दुसरं कारण नाही. परवा नातीने विचारलं, “आजी, तू कधी केलीस गं?” मी म्हटलं, चहा ठेवते.

भावजी, आपली पोरगी हात धुवायला शिकवणार नाही. तिच्या प्रबंधाचा विषय ठरतोय, आणि तिला हेच विचारायचंय, की तपासणीची सोय गावात असूनही बाई का जात नाही. दोन वर्षं ती घरोघर जाऊन बायकांना हे विचारील. त्यातल्या निम्म्या म्हणतील, लाज वाटते. निम्म्या म्हणतील, घरी विचारायला पाहिजे. पहिल्या जणींसाठी मी तिला माझं उदाहरण दिलंय. दुसऱ्या जणींसाठी तुमच्यासारख्यांची गरज पडणार आहे.

कोजागरीला सगळे आमच्या गच्चीवर जमणार आहोतच. आपल्या घरात, सुना-भाच्या-पुतण्या धरून, तीस ते पासष्ट या वयातल्या अकरा जणी आहेत. मी मोजल्या. वहीत नावं लिहिली आहेत, पुढे दोन रकाने आखलेत, ‘तपासणी झाली’ आणि ‘तारीख’. दूध आटेपर्यंत एकेकीला बोलावून विचारणार आहे. पहिलं नाव आमच्या वहिनींचं, म्हणजे भावजी, तुमच्या घरातलं. त्यांना घेऊन या.